हात वर होईपर्यंत

चैत्र लागला की आमच्या मुरबाडकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. शेतांत राब भाजायला घेतात, त्यामुळे दुपारभर हवेत पालापाचोळ्याचा नि शेणाचा धूर रेंगाळतो. आणि संध्याकाळी कुठल्या तरी मांडवातून एक आवाज ‘चेक, चेक, हॅलो, चेक’ असं म्हणायला लागतो. धुराचं मला काही वाटत नाही. त्या ‘चेक’चं वाटतं, कारण त्यानंतर माझ्या फळीवरची भांडी थरथरायला लागतात. आधी कप, मग स्टीलचे डबे, आणि मांडव जवळचा असेल तर खिडकीची काच. हळद कुठल्या आळीत आहे हे मी आता भांड्यांवरून सांगू शकते. नवरा हसतो, म्हणतो, “भाऊ तुझाच हे करतो, आणि कपाळाला आठ्या तूच घालतेस.” खरं आहे. मी डीजेची बहीण आहे आणि मला डीजे सहन होत नाही.

काल संध्याकाळी मात्र गंमत झाली. काळू नदीच्या अंगाला कुणाची तरी हळद होती. गाणं जोरात चाललं होतं आणि मध्येच थांबलं. बंद पडलं नाही, थांबलं. बाकी सगळे आवाज मागे सरले नि एकटी ढोलकी हळू आवाजात फिरत राहिली. मी तांदळाच्या भाकरीची उकड मळत होते. माझे हात परातीतच राहिले. कुणी तरी कुणाची तरी वाट पाहत होतं, एवढं मला इतक्या लांबून कळलं. मग गाणं पुन्हा उसळलं, कप वाजायला लागले, आणि मला माझ्या धाकट्या बहिणीच्या, रूपालीच्या, हळदीचा तो हंगाम सगळाच्या सगळा आठवला.

त्या वर्षी मी माहेरी, शहापूरजवळ सापगावला, लग्नाच्या बरंच आधी जाऊन राहिले होते. वडील आदल्या पावसाळ्याच्या तोंडाशी गेले. आई घर सांभाळत होती, पण मांडव घालायचा तर माणसं लागतात. अंगणात जांभळाच्या डहाळ्या आणून टाकलेल्या. त्यांचा उन्हाने कोमेजताना येणारा वास अजून कुठे आला की मला तो मांडव आठवतो. करवंदं अजून हिरवीच होती. उंबराची फांदी कोण आणणार यावर चुलत्यांची रोज एकदा चर्चा व्हायची, कारण ती दर लग्नात वडील आणायचे.

आणि भाताच्या पोत्यांच्या खोलीतून संध्याकाळभर एकच ठेका यायचा. ती कल्पेशची खोली. कल्पेश आम्हा बहिणींच्या मधला. आठवडाभर भिवंडीच्या बाजूला गोदामात नोकरी करतो आणि लग्नसराईत हळदी वाजवतो. त्याने बसायला ती खोली का निवडली हे मला आधी कळत नव्हतं. घरातली सगळ्यात अंधारी, उंदरांची खोली. एकदा विचारलं तर म्हणाला, “ताई, पोत्यांमुळं आवाज घुमत नाय. बाहेर लोक ह्याच्यासाठी भिंतीला स्पंज लावतात. आपल्याकडं भात हाय.” तेव्हा मला पहिल्यांदा त्याचं कौतुक वाटलं. आणखी बरंच वाटायचं बाकी होतं.

पावसाळ्यात आमच्याकडे लग्नं नसतात. गावातले लोक लावणीला लागतात तेव्हा डीजे लोक पुढच्या हंगामाची गाणी तयार करायला बसतात. कल्पेशने त्या पावसाळ्यात रूपालीच्या हळदीचं मिक्स बनवलं होतं. वडील गेल्यावर तो फार बोलत नसे. कामावरून आला की हातपाय धुऊन त्या खोलीत जायचा. ते मिक्स म्हणजे हळदीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सलग पट्टी होती. लॅपटॉपच्या पडद्यावर ती रंगीत सतरंजीसारखी आडवी पसरलेली दिसायची. सनईने सुरू होणारी. मग जात्याची घरघर. ती खरीच होती, आईने हळद दळताना त्याने फोन खाली ठेवून घेतलेली. मग शेजारणींच्या टाळ्या, मग ढोलकी, मग बेंजो, मग ज्याला पोरं नाचतात तो सगळा धुमाकूळ. मला त्याने कानावर हेडफोन घालून ऐकवलं. डीजे न आवडणारी मी तिथे पोत्याला टेकून शेवटपर्यंत ऐकत बसले. कुठे काय येतं नि कुठे काय विरतं, याचा त्याने किती विचार केला होता!

त्या पट्टीच्या मधोमध हिराआत्याचा आवाज होता.

हिराआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. दिलेली म्हसा गावाच्या पलीकडे. ती धवलारीण. आमच्याकडे लग्नाचा प्रत्येक विधी धवला गाऊन होतो आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. तिने सुरू केल्याशिवाय हळद उतरत नाही, तिने थांबवल्याशिवाय कुणी पाटावरून उठत नाही. शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत हिराआत्याला लोक गाडी पाठवून नेत असत. माझी हळद तिनेच गायली. आवाज काही गोड नव्हता तिचा. जरासा फाटका, पण मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत जायचा, माइक नसताना.

मग ती गायची बंद झाली. कुठल्याशा गावी ती पाटाजवळ बसून गात होती, नवरीच्या मामाचं नाव तोंडात होतं, आणि तिथल्या डीजेने बटण दाबलं. त्याची वेळ झाली असेल. स्पीकर सुरू झाले नि तिच्या तोंडातलं नाव अर्धंच राहिलं. ती ओरडली नाही, भांडली नाही. उठली, पदर झटकला, जेवली आणि घरी आली. त्यानंतर ती लग्नाला जायची, अक्षता टाकायची, जेवायची, पण तोंड उघडायची नाही. कुणी आग्रह केला तर म्हणायची, “अर्ध्यावर तोडलेला नाव माज्या तोंडात अजून हाय. तो बाहेर पडला का गान.” दोन वर्षं झाली, तीन झाली, तो काही बाहेर पडेना.

रूपालीला डीजे हवाच होता, भाऊच डीजे म्हटल्यावर कोण सोडतं? पण तिला आत्याही हवी होती. ती तशी हट्टी पोरगी नाही. एकदाच म्हणाली, त्या पावसाळ्यातच, चुलीपाशी भाकऱ्या थापताना, “बाबा नायत. आता आत्या बी गायली नाय तर माजी हळद लागली असं मला वाटंल का गो?” कल्पेश दारात उभा होता, त्याने ऐकलं.

म्हणूनच त्याने ते केलं होतं. माझ्या हळदीत, तो शाळेत होता तेव्हा, त्याने आत्याचा धवला फोनवर घेतला होता. ते जुनं रेकॉर्डिंग शोधून त्याने त्यातला गोंगाट काढला, भांड्यांचे आवाज काढले, आणि आत्याचा आवाज ढोलकीवर असा बसवला की ती जणू आजच गातेय. त्याला वाटलं, आत्या स्वतःचाच आवाज ऐकेल, विरघळेल आणि हळदीला त्याच्यावर गाईल. न गायली तरी निदान धवला होईल. मला हे इतकं पटलं की मीच म्हटलं, चल, जाऊन ऐकवू या.

फाल्गुन होता. किन्हवलीवरून गाडीने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला, नि खळ्याखळ्यांत वाल झोडत होते. आत्याही वालाच्याच राशीत बसली होती. अंगभर भुसा.

“काय रे कल्प्या, बहिनीचं लगीन नि तुजं तोंड असं उतारलेलं?”

“आत्या, तुला काय तरी ऐकवायचं हाय.”

तिने हात झटकले, पदर कानामागे घेतला. ते मोठे हेडफोन तिच्या डोक्यावर बसवले तेव्हा तिची सून हसायला लागली. आत्या हसली नाही. ती फार लक्ष देऊन ऐकत होती. “ह्यो माजाच का रे आवाज? लय तेज होता,” असं मोठ्याने म्हणाली, कानावर हेडफोन असले की माणसं ओरडतातच. तिचा हात गुडघ्यावर ठेका धरायला लागला. कल्पेशने माझ्याकडे पाहिलं. जमलं, असं आम्हा दोघांना वाटलं. आणि तिचा हात थांबला.

हेडफोन काढून तिने मांडीवर ठेवले. “कुनाच्या हळदीतला हाय ह्यो?”

“ताईच्या.”

“तरीच. ह्याच्यात मी नारूला पाटावर बोलावलंय.”

नारू म्हणजे आमचे वडील, नारायण. ती धाकट्या भावाला नारूच म्हणायची. ते नाव आम्ही शंभरदा ऐकलं होतं त्या पट्टीत. उलट तेच आम्हाला आवडायचं. कल्पेशने तर तिथे आवाज थोडा वर उचलला होता, जरासा घुमवलाही होता. पण त्या नावाची जागा आमच्या लक्षात आली नव्हती.

धवल्यात नावांच्या दोन जागा असतात. पहिली देवांची नि गेलेल्या माणसांची. त्यांना आधी मांडवात बोलावणं जातं. त्यानंतर जिवंतांची. एकेकाचं नाव घ्यायचं, तो गर्दीतून उठून येणार, नवरीला हळद लावणार, मग पुढचं नाव. माझ्या हळदीत वडील दुसऱ्या जागी होते. आता ते तिथे नव्हते.

“नारूची जागा बदल्ली आता,” आत्या म्हणाली. रागाने नाही, एखाद्याला घराचा पत्ता सांगावा तशी. “तू त्याला पाटावर बोलवतोस. तो कसा येल? पोरगी वाट बघत बसल ना.”

“मी तेवढं नाव कापतो, आत्या.”

“नाव कापतोस?”

तिने एवढंच विचारलं. कल्पेशने मान खाली घातली. मग तिनेच त्याला शेंगांच्या राशीत जागा करून दिली आणि म्हणाली, “बस. मला येक सांग. ह्यो तुजा गाना थांबतो का?”

“नाय. येकदा लावला का शेवटपर्यंत.”

“मी तर दर हळदीला येगळी गातं. कोन म्हातारी काठी टेकत येती, तवर मला येकच ओळ फिरवायला लागती. कोनाची सून पोर पाजत असती. तुजा गाना थांबत नाय, मंग मी शिरू कुठून?” आणि जाताना वालाची पिशवी हातात देऊन म्हणाली, “हळदीला येन. जेवन. पन गानार नाय.”

परत येताना किन्हवलीला रसाच्या गाडीवर थांबलो. कल्पेशने ग्लास तसाच हातात धरला होता. म्हणाला, “ताई, सगळं तोडायला लागल.” मला वाटलं तो कार्यक्रमाचं म्हणतोय. तो मिक्सचं म्हणत होता.

त्यानंतरचे दिवस मला त्या हंगामातले सगळ्यात आवडते आहेत. बाहेर चुन्याचे हंडे, पत्रिका, पाहुण्यांच्या चपला. आत पोत्यांच्या खोलीत कल्पेश त्याची पावसाळाभर विणलेली पट्टी उसवत होता. तयार मिक्स एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते त्याला दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं होतं, जिथे गाणं आधीपासून ठरलेलं नसतं, वाजवणारा तिथल्या तिथे ठरवतो. तिथे पट्टी नसते, खण असतात. एकेका खणात गाण्याचा एकेक तुकडा. बोट लावलं की तो तुकडा सुरू होतो आणि दुसऱ्या खणाला बोट लावेपर्यंत तोच फिरत राहतो. कितीही वेळ. कल्पेशने मला समजावलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे पंगतीत वाढण्यासारखं, जेवणारा जेवेल तसं. तो म्हणाला, “हां, तसंच. आतापर्यंत मी डबे भरून देत होतो.”

मला वाटलं होतं, एका ठिकाणचं उचलून दुसरीकडे ठेवायचं, तासाभराचं काम. छे! पहिल्यांदा त्याने ठेवलं तर ठेकाच लंगडायला लागला. आमच्या हळदीचा ठेका झुलता असतो, पाय थोडा ओढून टाकायचा असतो. सॉफ्टवेअरने तो आपल्या हिशेबाने सरळ मोजला आणि सगळ्या ढोलक्या कवायत करायला लागल्या. कल्पेशने मशीनचं मोजणं पुसून टाकलं. मांडीवर हाताने ठेका धरत, प्रत्येक सम कुठे पडते तिथे स्वतः खूण केली. पूर्ण मिक्सभर. कामावरून यायचा, चहा घ्यायचा आणि सम शोधायला बसायचा. आई म्हणायची, “मटार सोलाय बसल्यागत बसतो.”

मग तुकडे कुठे पाडायचे? गोलगोल फिरणाऱ्या तुकड्याचा शेवट त्याच्याच सुरुवातीला जुळायला लागतो, नाही तर सांध्यावर दर फेरीला ‘टिक’ असा आवाज येतो. मला तो ऐकू यायचा नाही. त्याला यायचा. तो पडद्यावरची कापायची सुरी केसभर इकडे सरकवायचा, डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा सरकवायचा. सनईच्या मागे रेंगाळणारा आवाज पुढच्या तुकड्यात सांडत होता, तो कापला की सनई उघडी पडायची. ते रेंगाळणं त्याला फार आवडत होतं. एका सुट्टीच्या दुपारी त्याने तेही काढून टाकलं. चढउताराच्या ज्या रेघा त्याने पावसाळ्यात एकेक करून आखल्या होत्या, त्या तर इकडे आल्याच नाहीत. “त्या आता हातानं,” तो म्हणाला, नि बटणांची छोटी पेटी पुढे ओढली. पत्र्याखाली लॅपटॉप तापायचा, म्हणून तो आईच्या परातीवर पालथ्या वाट्या मांडून त्यावर ठेवायचा. भाकरीच्या वेळी परात लागायची, तेव्हा त्यालाही उठावं लागायचं.

मी पदवीपर्यंत शिकले, पंचायतीत काम करते, रोज चार सह्या घेण्यासाठी माणसांना थांबवून ठेवते. पण स्वतःचं पूर्ण झालेलं, सुंदर झालेलं काम कुणाला तरी मध्ये शिरता यावं म्हणून मोडायचं, ही गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. तेही ती व्यक्ती नक्की ‘नाही’ म्हणालेली असताना. मी त्याला म्हटलंही, “अरे, ती गायली नाही तर?” तो म्हणाला, “नाय गायली तर मी बाकीचं वाजवीन. पन जागा नाय ठेवली तर ती गायला तयार असून बी गानार नाय.”

शेवटी पडद्यावर खणांच्या रांगा उभ्या राहिल्या. लाल, हिरवे, पिवळे. मधली एक रांग मात्र जवळजवळ मोकळी. तिच्यात एकच खण, त्यात नुसती हलकी ढोलकी, चार मात्रांची फेरी. आत्याचं जुनं रेकॉर्डिंग त्याने बाहेर काढून वेगळं जपून ठेवलं होतं. त्या खणावर त्याने नाव टाकलं होतं, ‘आत्या’.

परवाच फोनवर बोलताना मी त्याला विचारलं, तो खण अजून आहे का. म्हणाला, आहे, दर हळदीत असतो, गावागावाच्या धवलारणी आता ओळखतात. आणि मग नेहमीसारखं, “तुज्या काचा कशा हायत?” म्हणून हसला.

हळदीच्या दिवशी आत्या ऊन उतरता उतरता आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. मांडवात शिरताच तिने आधी स्पीकर पाहिले. कल्पेशने ते पाटाकडे पाठ करून अंगणाच्या दिशेला लावले होते. आत्या त्याच्या टेबलाशी गेली. मी मागे होतेच.

“बोट कुठं लावतोस ते दाव.”

त्याने दाखवलं. हलकी ढोलकी सुरू झाली. ती ऐकत उभी राहिली. ढोलकी फिरत राहिली. ती मुद्दाम काही बोलेना. कुणाशी तरी नमस्कार झाला, कुणाची तरी चौकशी झाली, तिने पाणी मागून घेतलं. ढोलकी फिरतच होती.

“कवर चालल ही?”

“तू सांगशील तवर.”

“मी हात वर केल्याबिगर पुढचं लावायचं नाय.”

“नाय लावनार.”

ती गाणार असं तेव्हाही म्हणाली नाही. जाऊन पाटाजवळ बसली. रूपाली पिवळ्या साडीत बसली होती, तिने आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला माहीत आहे, पाहिलं असतं तर रडली असती. अंगणात पोरं नाचायला ताटकळली होती. हळदीची वाटी आली. ढोलकी फिरत होती. आणि आत्याने घसा साफ केला.

पहिला आवाज निघाला तो घोगरा. वर्षानुवर्षं न उघडलेल्या दारासारखा. मग तो मोकळा झाला. तिने गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, माहुलीच्या डोंगराला बोलावलं. प्रत्येक बोलावणं झालं की ती हात वर करायची आणि कल्पेश एक छोटा सनईचा तुकडा सोडायचा, पुन्हा ढोलकीवर यायचा. बायका माना डोलवायला लागल्या. आमची आजी, आजोबा, कधी न पाहिलेला एक काका, सगळ्यांना आवतण गेलं. मग ती म्हणाली, “ये रे ये, मांडवात ये…” आणि थांबली.

पुढे वडिलांचं नाव होतं. तिच्यापेक्षा लहान भाऊ, जो कडेवर घेऊन तिने वाढवला, तो आता आजोबांच्या रांगेत बोलवायचा होता. तिचा हात मांडीवर होता. तोंड उघडं, आवाज नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. ढोलकी फिरली. पुन्हा फिरली. मागून कुणी चुलता ओरडला, “वाजव रे, काय थांबलास!” पोरांतून शिट्टी आली. मी कल्पेशकडे पाहिलं. त्याचं बोट बटणावर टेकलेलं होतं आणि तो आत्याच्या हाताकडे पाहत होता. ढोलकी फिरत राहिली, ना मोठी झाली ना लहान. त्याचं ते सलग मिक्स असतं तर एव्हाना बेंजो येऊन गेला असता.

“…नारूभाऊ ये. लेकीच्या हळदीला ये.”

नाव आलं. पूर्ण आलं. आणि आत्याने हात वर केला, कोपरापर्यंत बांगड्या खळखळल्या.

तरीही ढोलकी आणखी थोडा वेळ एकटीच फिरली. मग सनई आली आणि तिच्यामागून सगळंच. लोक नंतर सांगत होते, नावानंतरचं ते थांबणं काय जबरदस्त होतं, काटा आला, कल्पेश मुरलाय आता.

पुढची हळद मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. जिवंतांची नावं सुरू झाली. एक म्हातारी काकी खरंच काठी टेकत आली, तिच्यासाठी ओळ फिरत राहिली. आणि सगळ्या नावांत आत्याने अचानक आईला हाक मारली. वडील गेल्यापासून आई शुभकार्यात पुढे येत नव्हती, ती स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होती. तिचं नाव कुणाला अपेक्षित नव्हतं. आत्या ते गात राहिली, पुन्हा पुन्हा, कल्पेश ढोलकी फिरवत राहिला, जोवर आई पदराला हात पुसत बाहेर येऊन रूपालीच्या गालाला हळद लावत नाही तोवर. मग आत्याने हात वर केला आणि खाली आणलाच नाही, तशीच उठून पोरांबरोबर नाचायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेश अंगणात वायरी गुंडाळत होता. लग्नाला निघायची घाई होती. मी त्याला भाकरी नि वालाची भाजी घेऊन गेले. म्हटलं, “काल बाबांच्या नावानंतर फार छान थांबलास. हात वर झाला तरी घाई नाही केलीस.”

त्याने वायर गुंडाळणं थांबवलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही.

“थांबलो नाय गो ताई. माजंच बोट उठंना.”

मी ताटली त्याच्याजवळ पायरीवर ठेवली आणि वायरीचं दुसरं टोक हातात घेतलं.